तीन कोपरे टाइट, चौथा उघडा: फ्रेमचा ४५ चा कट जुळत नाही तेव्हा काय काय तपासायचं

प्रॉब्लेम असा आहे. चारही पट्ट्या कापल्या, मशीनचा काटा बरोबर ४५ वर, पहिला कोपरा लावला तं केस शिरणार नाही, दुसरा मस्त, तिसराही मस्त, आणि चौथ्यावर आलं की दहा रुपयाचं नाणं आरामात जाईल एवढी फट. चौथा दाबून मिटवला की पहिला उघडतो. पहिला मिटवला की तिसरा. दोन वर्षं मी हेच करून राहिली होती आणि दर वेळी फेविकॉलमध्ये भुसा कालवून फट भरायची, मग वरून पॉलिश मारलं की नेमका तोच पट्टा वेगळ्या रंगाचा दिसायचा, कारण फेविकॉल लागलेल्या जागी पॉलिश भिनतच नाही. पाहुणे आले की पहिली नजर तिथेच.

मी काही सुतार नाही. शाळेत चित्रकला शिकवते, पोरांची चित्रं आणि नातेवाइकांचे फोटो यांच्या फ्रेमा नागपुरात मानेवाड्याच्या घरी मागच्या वरांड्यात बसून करते. आधी प्लास्टिकचा मायटर बॉक्स (करवत ४५ वर धरायला खाचा असलेला डबा) आणि हातकरवत होती, मग एक जुनी १० इंची चॉप सॉ, म्हणजे हँडल दाबून गोल ब्लेड वरून खाली आणायची मशीन, घेतली. वाटलं मशीन आली म्हणजे कटकट संपली. कटकट तशीच राहिली, फक्त आवाज वाढला. त्यामुळे खाली जे लिहून राहिली ते हातकरवतवाल्यांनाही लागू आहे.

आधी हिशोब पाहू, कारण तो कळेपर्यंत मी भलत्याच जागी शोधत होती. एका फ्रेमला चार कोपरे म्हणजे आठ कट. समजा मशीन फक्त अर्धी डिग्री चुकली, ४५ च्या जागी ४५.५ कापून राहिली, म्हणजे पट्टीचं टोक ४४.५ चं निघालं. एका कोपऱ्यात दोन कट भेटतात म्हणजे तिथे एक डिग्री कमी पडली, चार कोपऱ्यांची मिळून चार डिग्री. पहिले तीन कोपरे आपण दाबून टाइट बसवतो म्हणून तिथे काही दिसत नाही, पण चूक जाते कुठे, ती पट्टीसोबत सरकत सरकत शेवटच्या कोपऱ्यात जमा होते. २ इंची पट्टीवर ४५ चा कट साधारण ७२ मिमी लांब असतो, त्यावर चार डिग्री म्हणजे एका टोकाला जवळजवळ ५ मिमी उघडं. पाव डिग्री चुकली तरी अडीच मिमी. आणि चॉप सॉच्या त्या स्केलवर पाव डिग्री म्हणजे रेघेच्या जाडीइतकी. डोळ्यानं दिसतच नाही. चौथ्या कोपऱ्याचा काही दोष नसतो, आठही कटांचं बिल त्याच्या नावानं फाटतं.

म्हणून सगळ्यात आधी काय करायचं तं फेविकॉलच्या डब्याला हात लावायचा नाही. चारही पट्ट्या सपाट टेबलावर कोरड्याच जुळवा, बाहेरून नायलॉनची दोरी गुंडाळून आवळा आणि फट कुठे आहे ते नीट पाहा. कोणत्या कोपऱ्यात आहे ते नंतर, आधी कोपऱ्याच्या कोणत्या बाजूला आहे ते.

बाहेरचं टोक टेकलंय आणि आतल्या बाजूला, काचेकडे, फट उघडते आहे, तर कट जास्त तिरपा झालाय, म्हणजे मशीन ४५ च्या वर आहे, थोडी खाली आणा. उलटं, आतला कोपरा आधी टेकतो आणि बाहेरची टोकं भेटतच नाहीत, तर कट कमी तिरपा आहे, ४५ च्या खाली. वरून पाहिलं तर एकदम बरोबर पण फ्रेम पालथी घातली की मागून फट, किंवा मागून बरोबर आणि समोरून फट, तर मग डिग्रीचा संबंध नाही, ब्लेड सरळ उभं नाही किंवा पट्टी कापताना कलली. आणि चौथा प्रकार, जो मला ओळखायला सगळ्यात जास्त वेळ लागला: फट पाचरीसारखी नसतेच, दोन्ही कट एकमेकांना नीट चिकटतात पण एका पट्टीचं टोक दुसरीच्या पुढे पाऊण-एक मिमी निघून जातं, पायरीसारखं. तिथे डिग्री बरोबर असते, लांबी चुकलेली असते.

हा चौथा प्रकार मला एका मिस्त्री काकांनी दाखवला. आमच्या गल्लीच्या टोकाला राहतात, सगळी हयात दारं-खिडक्या करण्यात गेली, लकडगंजच्या टालांवरून सागवान निवडून आणायचे. मी मशीनशी झटून राहिली होती, दर दोन मिनिटांनी घर्र करून आवाज, म्हणून बहुतेक वैतागूनच आले. मी म्हणलं, काका, काटा पाहा नं, बरोबर ४५ वर आहे, मग काहून जुळत नाही? त्यांनी काट्याकडे पाहिलंच नाही. फ्रेमच्या दोन्ही लांब पट्ट्या उचलल्या, पाठीला पाठ लावली, एका बाजूची टोकं टेबलावर ठोकून सारखी केली आणि दुसऱ्या बाजूच्या टोकांवरून अंगठ्याचं नख फिरवलं. नख अडकलं. मग माझा हात धरून माझं नख फिरवलं. म्हणाले, "ताई, ह्या दोघी सख्ख्या नाहीत. सावत्र आहेत." १ मिमीचा फरक होता. टेपनं पाहिला असता तर मला दिसलाच नसता, पण नखाला लगेच लागला.

मी दोन्ही पट्ट्यांवर वेगवेगळं टेपनं मोजून पेन्सिलची खूण करायची आणि खुणेवर कापायची. चूक तिथेच. पेन्सिलची रेघच अर्धा मिमी जाड, ब्लेड रेघेच्या अलीकडे बसलं की पलीकडे तो वेगळा अर्धा मिमी, वर टेपच्या टोकाचा आकडा, म्हणजे हुक. (तो आकडा थोडा हलतो तो मुद्दामच ठेवलेला असतो, आकड्याच्या जाडीइतकाच, आत टेकवून मोजा की बाहेर अडकवून मोजा माप सारखं यावं म्हणून. मी एकदा हातोडीनं ठोकून तो पक्का केला होता. करू नका.) समोरासमोरच्या दोन पट्ट्या वेगवेगळ्या मोजायच्याच नाहीत. एक स्टॉपर लावायचा, म्हणजे मशीनच्या फेन्सला (पट्टी जिला टेकवून कापतो त्या उभ्या कडेला) लाकडाचा एक ठोकळा क्लॅम्पनं घट्ट, पहिली पट्टी त्याला टेकवून कापायची, ठोकळा न हलवता दुसरीही तशीच. मग लांबी १ मिमी चुकली तरी दोन्हींची सारखीच चुकते, फ्रेम १ मिमी मोठी होईल पण कोपरे जुळतील. माझा क्रम असा: आधी चारही पट्ट्यांचं एक टोक एकाच बाजूच्या ४५ वर कापून घ्यायचं, मग मशीन दुसऱ्या बाजूला फिरवायची, लांब जोडीसाठी स्टॉपर, दोन्ही कापून झाल्या की आखूड जोडीसाठी स्टॉपर सरकवायचा.

स्टॉपरची एक गंमत आहे, ठोकळ्याच्या खालच्या कडेत भुसा साचतो. पहिली पट्टी लाकडाला टेकते, दुसरी भुशाला टेकते, झाला पुन्हा अर्धा मिमी. ठोकळ्याची खालची कड रंध्यानं किंवा पॉलिश पेपरनं थोडी मारून टाका म्हणजे भुशाला जायला जागा राहते.

लांबी किती घ्यायची हेही सांगूनच टाकते, कारण यात पण दर वेळी कोणीतरी फसतं. काच १२ × १८ इंच म्हणजे ३०५ × ४५७ मिमी. त्यात ३ मिमी ढिलाई. पट्टी २५ मिमी रुंद आणि मागची खाच, जिच्यात काच बसते, ती ६ मिमी. मग प्रत्येक बाजूला पट्टी काचेच्या बाहेर २५ वजा ६ म्हणजे १९ मिमी जाते, दोन बाजूंचे ३८. तर टोकापासून टोकापर्यंत बाहेरचं माप ३०५ + ३ + ३८ = ३४६ आणि ४५७ + ३ + ३८ = ४९८ मिमी. ती ३ मिमीची ढिलाई कंजूषपणा करून खाऊ नका, काच कोंबून बसवली तं कोपरे तीच उघडते. आणि काच कापून आणली असेल तर ती स्वतः मोजा, काचवाल्यानं सांगितलेलं माप आणि काचेचं माप यांची भेट होतेच असं नाही.

आता डिग्रीकडे. मशीन तपासायच्या आधी गुण्या, म्हणजे काटकोन पाहायचं हत्यार, तपासा. मी इतवारीतून एक गुण्या आणला होता, स्टीलचा, चमकदार, मस्त वजनदार, आणि त्याच्यावर विसंबून मशीन सेट करत होती. सरळ कड असलेल्या प्लायवर गुण्या लावून १० इंची रेघ मारा, मग गुण्या पालथा करून त्याच बिंदूपासून दुसरी रेघ मारा. दोन्ही एकावर एक आल्या तर गुण्या चांगला. माझ्या रेघा वरच्या टोकाला १ मिमी फाकल्या. पालथं घातल्यानं चूक दुप्पट दिसते, म्हणजे गुण्या १० इंचात अर्धा मिमी बाहेर. दुकानात परत घेऊन गेली तं ते म्हणे मॅडम, तुम्ही पाडला असेल. बरं बाप्पा. आता दुकानातच कागद ठेवून पालथा करून पाहते आणि मगच पैसे देते, दुकानदार तोंड वाकडं करतात, करू दे.

गुण्या खरा ठरला की मशीन. स्केलवर आणि त्या खटकन बसणाऱ्या खाचेवर अजिबात विश्वास ठेवायचा नाही. रुंद भंगार पट्टीचे दोन तुकडे घ्या, साडेतीन-चार इंच रुंद असली तर उत्तम कारण रुंदी जास्त तितकी चूक मोठी दिसते, दोघांना ४५ मारा, कोपरा जुळवा आणि आत गुण्या ठेवून उजेडाकडे धरा. उजेड कुठून येतो ते पाहा. माझ्या मशीनची खाचच थोडी बाहेर आहे, ती नीट करता येत नाही, म्हणून मी फेन्सवर, जिथे पट्टी टेकते तिथे एका टोकाला लग्नपत्रिकेच्या जाड कागदाची चिंधी चिकटवते. १५० मिमी लांब फेन्सच्या टोकाला ०.३ मिमीचा कागद म्हणजे साधारण दशांश डिग्री. आमच्याकडे पत्रिकांचा तोटा नाही.

पण खरं सांगायचं तं परफेक्ट ४५ च्या मागे लागायची गरजच नाही, आणि हे समजायला मला दोन वर्षं लागली. कोपऱ्याला ४५ नको असतं, ९० पाहिजे असतं. एक पट्टी ४५.३ आणि तिची जोडीदार ४४.७ असली तरी कोपरा ९०. दोन्ही ४५.३ झाल्या की बोंब. यावरून सुतार लोक एक जुगाड करतात. १२ मिमी प्लायचा तुकडा घ्यायचा, त्यावर दोन सरळ पट्ट्या अशा ठोकायच्या की त्यांचा आपसात पक्का काटकोन होईल, टोक पुढे, छपरासारखं. हा काटकोन खऱ्या गुण्यानं, जीव लावून बसवायचा, तासभर गेला तरी चालेल. आता ब्लेडची रेघ या छपराच्या साधारण मधून गेली पाहिजे, साधारणच, कारण थोडी डावीकडे गेली तर डावा कट जितका कमी तितका उजवा जास्त, बेरीज ९० च. नियम एकच, प्रत्येक कोपऱ्याची एक पट्टी डाव्या बाजूला कापायची आणि तिची जोडीदार उजव्या बाजूला, दोन्ही एकाच बाजूला कापल्या की सगळा फायदा गेला. आणि फरक अर्ध्या डिग्रीच्या आतच ठेवा, जास्त झाला तर कटांची लांबी वेगळी पडते आणि पट्टीवरचं नक्षीकाम कोपऱ्यात चुकतं.

मशीन नसेल तर हेच रंध्यासाठी करा, शूटिंग बोर्ड म्हणतात त्याला. मायटर बॉक्सच्या खाचा करवतीपेक्षा रुंद असतात आणि वापरून वापरून अजून रुंद होतात, करवत आत डुलते, त्यामुळे बॉक्समधून थेट फायनल कट निघतच नाही. बॉक्सनं १ मिमी जास्त ठेवून कापा आणि शूटिंग बोर्डवर धारदार रंधा आडवा चालवून कागदासारखी साल काढत काढत मापावर या. वेळ लागतो, पण कट असा आरशासारखा निघतो की मशीनवाल्यांनी पाहत राहावं. मी अजूनही महागाच्या सागवान पट्टीला हेच करते. रंध्याला धार नसेल तर मात्र टोकाचे रेषे फाटतात, मागे एक भंगार तुकडा टेकवून ठेवा.

मशीनवर आणखी दोन गोष्टी फसवतात. एक, ब्लेड फिरताना पट्टीला तिरपं ओढतं. ४५ च्या कटात पट्टी फेन्सवरून केसभर सरकते आणि आपल्याला हातात जाणवतही नाही. फेन्सवर १२० नंबरचा पॉलिश पेपर चिकटवा आणि पट्टी क्लॅम्पनंच धरा, बोटांच्या भरवशावर राहू नका, बोटंही राहतील. दुसरं, सोबत आलेलं ब्लेड बहुतेक वेळा २४ किंवा ४० दातांचं असतं, घराच्या चौकटी कापायचं. फ्रेमसाठी १० इंचीत ६० ते ८० दातांचं घ्या. हँडल दणकन खाली आणू नका, ब्लेड वाकतं आणि कट पोटाळतो, आणि कट झाला की ब्लेड थांबेपर्यंत वर उचलू नका.

मागून किंवा समोरून फट असेल तर आधी ब्लेडला टेबलावर गुण्या उभा लावून पाहा. ते बरोबर निघालं तर दोष बहुतेक पट्टीच्या खाचेचा. फ्रेमची पट्टी मागून सपाट नसते, एका बाजूला काचेची खाच असल्यानं तिथे खाली पोकळी राहते, ब्लेडचा दाब आला की पट्टी त्या पोकळीत कलते. अर्धा मिमी कलली तरी मागून फट. उपाय फुकट आहे, खाचेच्या मापाची एक काडी, लाकडाची नाहीतर हार्डबोर्डची, कापताना खाली सरकवून ठेवायची. मी हे करायला लागली त्या दिवसापासून मागची फट नव्वद टक्के गायब. पट्टी स्वतःच पिळलेली असेल तर मात्र कोणी वाचवू शकत नाही, विकत घेतानाच एक डोळा मिटून बंदुकीसारखी धरून लांबीत पाहा. आणि चारही बाजू एकाच लांब पट्टीतून काढा, दुसऱ्या लॉटची पट्टी अर्धा मिमी जाड-बारीक असतेच, मग कट कितीही खरा असला तरी नक्षीची रेघ कोपऱ्यात तुटते आणि आपण उगाच मशीनला शिव्या देतो.

फेविकॉलचं म्हणाल तर ४५ च्या कटावर लाकडाच्या नळ्या उघड्या पडतात, त्या फेविकॉल पिऊन टाकतात आणि जोड कोरडा राहतो. आधी एक पातळ हात बोटानं चोळून घ्या, पाच मिनिटं थांबा, मग दुसरा हात लावून जोडा. दोरी चारही कोपऱ्यांवरून दोन-तीन वेढे, कोपऱ्यांवर पुठ्ठ्याचे तुकडे म्हणजे दोरी रुतत नाही, आणि प्रत्येक बाजूला दोरीखाली एकेक काडी घालून पिळा, सगळीकडे सारखा ताण येतो. मग दोन्ही कर्ण मोजा. सारखे नसतील तर लांब कर्णाची दोन टोकं हातानं आत दाबा, फेविकॉल ओला आहे तोवर पाच मिनिटांत सरळ होतं. रात्रभर ठेवा. मी सुरुवातीला ओल्या कोपऱ्यात लगेच चुका (बारीक खिळे) ठोकायची, पहिल्या ठोक्यालाच पट्टी घसरायची आणि तिथेच पायरी पडायची. चुका ठोकायच्याच असतील तर सुकल्यावर, आधी बारीक ड्रिल मारून.

आता इथवर सगळं करूनही, डिसेंबरात एकदम टाइट असलेली फ्रेम मे महिन्यात उघडली तर? तर मशीन सोडा, हवामान पाहा. लाकूड रुंदीत आकसतं-फुगतं, लांबीत जवळपास नाहीच. ४५ चा कोपरा रुंदी आणि लांबी मिळून बनतो, त्यामुळे पट्टी रुंदीत आकसली की तिचं टोक ४५ पेक्षा बारीक होतं आणि फट आतल्या बाजूनं, काचेकडे उघडते. फुगली तर उलटं, बाहेरची टोकं सुटतात. २ इंची पट्टी रुंदीत १ टक्का आकसली, म्हणजे फक्त अर्धा मिमी, तरी कोपऱ्यात आतून ०.७ मिमीची फट दिसते. आपल्याकडे एप्रिल-मे मध्ये पारा ४५ च्या आसपास, हवा अशी कोरडी की धुतलेली चादर अर्ध्या तासात पापडासारखी, आणि जून गेला की तीच हवा पिळून घ्यावी इतकी ओली. त्यात आपण घरात कूलर लावतो. बाहेर भट्टी, आत खसच्या जाळीतून ओली हवा, आणि फ्रेम नेमकी कूलरच्या तोंडासमोरच्या भिंतीवर, कारण मोकळी भिंत तीच असते.

माझी सासऱ्यांच्या फोटोची ३ इंची फ्रेम मी मे महिन्यात, लाकूड अगदी हाडासारखं कोरडं असताना केली होती. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, बाहेर मारबत, म्हणजे गावाची इडा पीडा घेऊन जाणारा पुतळा, निघायची तयारी आणि घरात जाऊबाई फोटोला हार घालता घालता म्हणाल्या, "अगं, हे कोपरे बाहेरून सुटले बघ." चारही. मनातल्या मनात म्हणलं, इडा पीडा, वाकडे कोपरे, घेऊन जा गे मारबत. दिवाळीनंतर हिवाळ्याची कोरडी हवा आली आणि तेच कोपरे जवळजवळ मिटले. यावरून ओळखायची खूण: चारही कोपरे एकाच बाजूनं सारखे उघडले असतील आणि फ्रेम बनवली तेव्हा बरोबर होती, तर हवामान. एकच कोपरा उघडला असेल, तर कट किंवा लांबी.

हवामानाला पूर्ण उपाय नाही, कमी करता येतं. पट्टी आणल्या आणल्या कापायची नाही, ज्या खोलीत फ्रेम लागणार तिथे दोन आठवडे पडू द्या. सागवान त्यातल्या त्यात कमी हलतं, आणि चंद्रपूर-गडचिरोलीचं सागवान आपल्याला काही दूर नाही, बीचची पट्टी दिसायला गुळगुळीत पण पावसाळ्यात जास्त फुगते. रुंद पट्टी घेतली की फटही तितकीच रुंद, म्हणून ३ इंचीचा हट्ट मी सोडला. पॉलिश समोरून जितके हात तितकेच मागून आणि खाचेतही, मागचा भाग कोरा ठेवला तर ओल तिथून आत जाते. मोठ्या फ्रेमला सुकल्यावर बाहेरच्या टोकावर आडवा करवतीचा काप घेऊन त्यात पातळ लाकडाची चकती फेविकॉलनं बसवते, कोपरा धरून राहतो. सिंथेटिक पट्टीला हा सगळा त्रास नाही, पण तिच्यावर बोथट ब्लेड चालवलं की ती वितळून कटावर गाठी धरते, त्या गाठींमुळेच कोपरा मिटत नाही, कटरनं खरवडून काढा.

आणि ज्यांच्या पट्ट्या आधीच कापून झाल्या, पैसे गेले, फट दिसतेच आहे, त्यांच्यासाठी. अर्ध्या मिमीपर्यंतची फट बाहेरच्या टोकाला असेल तर स्क्रूड्रायव्हरची गोल दांडी टोकावरून दोन्ही बाजूंनी दाबून घासा, लाकडाचे रेषे वळून फट झाकतात. पॉलिशनंतर भरायची असेल तर त्याच रंगाची मेणाची कांडी, भुसा-फेविकॉल नाही. फट मोठी असेल आणि अजून चिकटवलं नसेल तर काकांचा इलाज: चारही कोपरे दोरीनं आवळून कोरडे जुळवा, सपाट प्लायवर पक्के धरा आणि पातळ पात्याची करवत जोडाच्या रेघेतून सरळ खालपर्यंत चालवा. करवत दोन्ही कटांना एकदम छाटते म्हणून दोन्ही बाजू आपोआप समांतर होतात, पुन्हा सरकवल्या की मिटतात. फट करवतीच्या पात्यापेक्षा रुंद असेल तर दोन-तीनदा चालवावी लागते. एकाच कोपऱ्यात केलं तर लांब्या बिघडतात, म्हणून चारही कोपऱ्यांत तितक्याच वेळा करायचं. १ मिमीचं पातं एकदा चालवलं की आतली जागा दोन्ही दिशांना साधारण १.४ मिमीनं कमी होते. सुरुवातीला ३ मिमी ढिलाई ठेवली असेल तर काच तरीही बसते, दोनदा चालवायची वेळ आली तर जेमतेम टेकते, आणि तिसऱ्यांदा चालवावी लागली तर काच घेऊन परत काचवाल्याकडे, दोन मिमी छाटून आणा.